अडथळा आधी, ॲप नंतर : स्वमग्न विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि तंत्रज्ञान

स्वमग्न मुलांचे पालक आणि शिक्षक तंत्रज्ञानाचा विचार करू लागतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'कोणते ॲप चांगले?' हा असतो. प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचे एकच एक उत्तर देता येत नाही. सहा वर्षांची एखादी मुलगी अजून एकही शब्द बोलत नाही, पण हवी ती वस्तू मिळवण्यासाठी आईचा हात धरून तिला कपाटापर्यंत नेते. चौदा वर्षांचा एखादा मुलगा ग्रहताऱ्यांवर तासभर बोलू शकतो, पण वही उघडून पहिली ओळ लिहायची म्हटले की जागच्या जागी थिजतो. दोघांच्या कागदांवर निदान एकच आहे, मात्र दोघांना एकच साधन देऊन चालणार नाही, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. म्हणून प्रश्न उलट्या बाजूने विचारावा लागतो : या मुलाचे शिकणे नेमके कोठे अडते आहे? मनातले सांगता येत नाही म्हणून, ऐकलेले निसटून जाते म्हणून, काम कोठून सुरू करावे ते सुचत नाही म्हणून, की वर्गातला आवाजच सहन होत नाही म्हणून? अडथळा नेमका कळला की साधन निवडणे बरेच सोपे होते, आणि कित्येकदा ते साधन विजेवर चालणारेही नसते.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यानंतर स्वमग्नतेची व्याख्या अनेकदा बदलली. २०१३ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली आणि ॲस्पर्जर सिंड्रोमसारखी वेगवेगळी निदाने एकत्र करून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' हे एकच निदान ठेवले. त्यात दोन बाजू पाहिल्या जातात : एक, इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण करण्यातल्या अडचणी, दुसरी, ठरावीक आवडी, पुन्हा पुन्हा होणाऱ्या कृती, ठरलेल्या क्रमाचा आग्रह आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांबद्दलची अति तीव्र किंवा अति मंद संवेदनशीलता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. यांपैकी काही मुलांना बौद्धिक अक्षमताही असते, काहींची बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा बरीच वर असते, आणि एकाच मुलाच्या क्षमतांमध्येही मोठे चढउतार आढळतात. पाढे तोंडपाठ असलेल्या मुलाला 'पाणी दे' हे दोन शब्द वेळेवर सुचत नाहीत, यात विसंगती काहीच नाही.

पुढे जाण्याआधी एक भूमिका स्पष्ट केलेली बरी. तंत्रज्ञानाचे काम मुलाला 'स्वमग्न नसल्यासारखे' दिसायला शिकवणे हे नाही. हात हलवणारे मूल हात हलवत शिकत असेल तर त्या हातांना शांत बसवणारे यंत्र शोधण्यात वेळ घालवू नये. मुलाला कळावे, सांगता यावे, स्वतःचे काम स्वतः करता यावे आणि शाळेतला दिवस त्याला असह्य होऊ नये, एवढेच येथे साध्य करायचे आहे.

स्क्रीन का जमते?

अनेक स्वमग्न मुलांना स्क्रीनवरून शिकणे सोपे जाते, याची कारणे फारशी गूढ नाहीत. बोललेला शब्द क्षणात विरून जातो. चित्र किंवा लिहिलेला शब्द समोर थांबतो आणि मुलाला हवा तेवढा वेळ पाहता येतो. शिक्षक एकच सूचना तीन वेळा देतो तेव्हा तिन्ही वेळा शब्द थोडे बदलतात, आवाज थोडा चढतो, चेहऱ्यावर किंचित त्रासिक भाव येतो; भाषा समजून घ्यायला वेळ लागणाऱ्या मुलाला या तीन सूचना तीन निराळ्या गोष्टी वाटू शकतात. यंत्र मात्र विसाव्या वेळीही तेच, त्याच स्वरात सांगते. समोरच्याच्या चेहऱ्याकडे, शब्दांकडे आणि हातवाऱ्यांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागत नाही, आणि चूक झाली तरी वर्गासमोर होत नाही.

हाच स्थिरपणा पुढे अडचणीचाही ठरतो, कारण खरे जग इतके स्थिर नसते. त्याचा विचार पुढे केला आहे.

बोलण्याला पर्याय

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग संवादसाधनांचा आहे, म्हणून त्यावर अधिक थांबणे योग्य ठरेल. स्वमग्न मुलांपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश मुले शाळेच्या वयातही अगदी मोजके शब्द बोलतात किंवा मुळीच बोलत नाहीत. न बोलणे म्हणजे न समजणे नव्हे, आणि सांगण्यासारखे काही नसणे तर नव्हेच. सांगण्याचा मार्ग नसेल तर तेच मूल ढकलून, ओरडून, जमिनीवर पडून सांगते, आणि आपण त्याला 'वर्तनसमस्या' म्हणतो.

बोलण्याला पर्याय किंवा पूरक ठरणाऱ्या साधनांची सुरुवात कागदापासून झाली. १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांच्या देवाणघेवाणीची एक पद्धत विकसित केली. मूल हव्या असलेल्या वस्तूचे चित्र उचलून समोरच्या व्यक्तीच्या हातात देते आणि ती वस्तू मिळवते. यात एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे : चित्राकडे नुसते बोट दाखवणे पुरेसे नाही, ते कोणाला तरी द्यावे लागते, त्यामुळे संवादाला दुसरा माणूस लागतो हे मुलाला आपोआप उमगते. पुढे चित्रावर बोट ठेवले की शब्द उच्चारणारी यंत्रे आली, पण ती बरीच वर्षे जड, महाग आणि मोजक्याच कुटुंबांच्या आवाक्यातली होती. २००९ मध्ये 'प्रोलोक्वोटूगो' हे ॲप आले, २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला, आणि दुकानात मिळणारा साधा टॅब्लेट मुलाचा आवाज होऊ शकतो हे अनेक घरांना प्रथमच जाणवले.

अशा ॲपची रचना साधी असते. स्क्रीनवर चौकोनांची जाळी असते, प्रत्येक चौकोनात चित्र आणि त्याखाली शब्द असतो. चौकोन दाबला की शब्द वरच्या पट्टीत जाऊन बसतो आणि पट्टी दाबली की पूर्ण वाक्य ऐकू येते. खरी गोम कोणते शब्द कोठे ठेवले आहेत यात असते. नवखा माणूस सगळी जागा सफरचंद, चेंडू, गाडी अशा नामांनी भरून टाकतो, कारण त्यांची चित्रे पटकन मिळतात. पण आपण दिवसभरात जे बोलतो त्यात नामांपेक्षा हवे, नको, नाही, आणखी, थांब, जा, बघ, मी, तू, कुठे, संपले अशा शब्दांचा वावर फार मोठा असतो. काही शेकडा शब्दांचा हा गाभा कोणत्याही विषयावर बोलायला उपयोगी पडतो. 'चेंडू' या शब्दाने फक्त चेंडू मागता येतो. 'नको' या शब्दाने जेवण, खेळ, स्पर्श, आवाज, काहीही नाकारता येते. दुसरी गोष्ट जागेची. टंकलेखन करणाऱ्याची बोटे अक्षरे न शोधता त्यांच्यावर जातात, तसेच मुलाचे बोट सरावाने शब्दाच्या जागी जाऊ लागते. म्हणून नवे शब्द घालताना जुन्या शब्दांच्या जागा बदलू नयेत. सुरुवातीला चार मोठे चौकोन, मग नऊ, मग वीस, अशी वाढ केली की प्रत्येक टप्प्यावर मुलाला पुन्हा शून्यापासून शिकावे लागते. त्यापेक्षा पूर्ण जाळी आधीच ठेवून त्यातले बहुतेक चौकोन झाकावेत आणि गरजेनुसार एकेक उघडत जावे, हे शहाणपणाचे.

पण यंत्र देऊन मूल बोलू लागत नाही. बोलणारे मूल तोंडातून पहिला शब्द काढण्याआधी वर्षभर भोवतालची भाषा ऐकत असते. चित्रांची भाषा बोलणारे माणूस मात्र त्याला आजूबाजूला एकही दिसत नाही. म्हणून मोठ्यांनी स्वतः ते यंत्र वापरून बोलावे लागते. समजा, एखादी शिक्षिका मुलासोबत साबणाचे फुगे उडवत बसली आहे. फुगा उडवताना ती तोंडाने 'फुगा' म्हणते आणि टॅब्लेटवरचे 'फुगा' हे बटणही दाबते. फुगे फुटून संपतात, ती थांबते. मूल बाटलीकडे पाहते. 'आणखी' असे म्हणत ती 'आणखी' दाबते आणि लगेच पुन्हा फुंकर घालते. मुलाचे बोट धरून ती बटण दाबायला लावत नाही, 'आधी दाब, मग देते' अशी अटही घालत नाही. असे अनेक दिवस चालते आणि वरवर काहीच घडत नाही. मग एखाद्या दिवशी मूल पुढे सरकते, त्याचे बोट जाळीवर घुटमळते आणि 'थांब' हा शब्द ऐकू येतो. कदाचित ते बटण चुकून दाबले गेले असेल. तरीही शिक्षिकेने फुंकर थांबवायची, बाटली खाली ठेवायची आणि वाट पाहायची. आपण शब्द उच्चारला आणि समोरचा माणूस खरोखर थांबला, हा अनुभव आल्याखेरीज शब्दात काही बळ असते हे मुलाला कळणार कसे?

बहुतेक पालकांच्या मनात एक भीती असते : यंत्राची सवय लागली तर मूल तोंडाने बोलायचेच नाही. ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींवरील आधीचे अभ्यास तपासले. त्यांतील भक्कम पुरावा असलेल्या २७ व्यक्तींपैकी ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात वाढ झालेली होती आणि एकाचेही बोलणे कमी झालेले नव्हते. वाढ बहुतेकदा माफक होती, हेही सांगायला हवे. कोनी कसारी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५ ते ८ वर्षांची, अगदी कमी बोलणारी ६१ मुले होती. खेळातून संवाद शिकवण्याच्या एकाच पद्धतीने सर्वांना शिकवले गेले, पण ज्या गटात सुरुवातीपासून बोलणारे यंत्र सोबत होते त्या गटातली मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. त्यामुळे 'आधी बोलणे येते का पाहू, नाहीच आले तर यंत्र' हा क्रम मला योग्य वाटत नाही. तसे करण्यात मुलाची भाषा शिकण्याची वर्षे वाया जातात.

संवादाचा टॅब्लेट आणि खेळाचा टॅब्लेट शक्यतो वेगळे असावेत. ते जमत नसेल तर संवादाचे ॲप उघडेच राहील अशी सोय उपकरणाच्या सेटिंगमध्ये असते, ती वापरावी. मुलाने आदळआपट केली म्हणून तो टॅब्लेट शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. नेमक्या त्याच क्षणी त्याला काहीतरी सांगायचे असते. बॅटरी संपेल, स्क्रीन फुटेल, पोहायला जाताना टॅब्लेट नेता येणार नाही, हे गृहीत धरून त्याच जाळीची छापील प्रत नेहमी सोबत ठेवावी. घरात जी भाषा बोलली जाते ती यंत्रातही असावी. आजीशी एका भाषेत आणि यंत्राशी दुसऱ्या भाषेत बोलण्याचा भार मुलावर टाकण्याचे कारण नाही. आणि शब्दसंग्रहात चिडवण्याचे, तक्रारीचे, 'मला एकटे राहू दे' असे सांगण्याचेही शब्द असू द्यावेत. मुलाला फक्त मागता येईल आणि 'धन्यवाद' म्हणता येईल, एवढाच शब्दसंग्रह भरणारा माणूस संवाद शिकवत नसतो, शिस्त लावत असतो.

येथे एक धोक्याची सूचना द्यावी लागेल. १९९० च्या दशकात 'सहायित संवाद' नावाची पद्धत गाजली, ज्यात मोठी व्यक्ती मुलाचा हात किंवा मनगट धरते आणि मूल अक्षरे दाबून लिहिते असे मानले जाते. नियंत्रित चाचण्यांमध्ये मूल आणि साहाय्यक यांना वेगवेगळी चित्रे दाखवली, तेव्हा साहाय्यकाला दिसलेल्या चित्राचे नाव लिहिले गेले. साहाय्यक फसवत होता असे नाही. आपणच हात चालवतो आहोत हे त्याच्या लक्षातही येत नव्हते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये आणि वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. तेव्हा कोणतेही साधन निवडताना शब्द मूल स्वतः निवडते आहे ना, एवढे पाहावे. कोणी हात न धरता, कोणी अक्षरांचा फलक हवेत न हलवता मूल स्वतः टंकलेखन करीत असेल तर ती गोष्ट पूर्ण निराळी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे.

दिवस डोळ्यांना दिसला पाहिजे

'आता गणित, मग मधली सुट्टी, मग चित्रकला' हे वाक्य बहुतेक मुलांच्या डोक्यात आपसूक बसते. ज्या मुलाला पुढे काय होणार याचा अंदाज बांधणे कठीण जाते त्याला मात्र प्रत्येक तास अचानक कोसळल्यासारखा वाटतो. एरिक शॉप्लर यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७० च्या दशकात उभारलेल्या 'टीच' कार्यक्रमाने यावर उपाय म्हणून दृश्य वेळापत्रकाचा वापर पद्धतशीरपणे रुजवला : दिवसातली कामे चित्रांच्या क्रमाने मांडायची आणि झालेले काम काढून बाजूला ठेवायचे. आज हेच फोनवर आणि टॅब्लेटवर होते. लहान मुलासाठी 'आता' आणि 'नंतर' अशी दोनच चित्रे पुरतात. मोठ्या विद्यार्थ्याला आठवड्याचे कॅलेंडर, कामाची पायऱ्यांत फोड आणि आठवण करून देणारी घंटी लागते. वही उघडून थिजणाऱ्या त्या चौदा वर्षांच्या मुलाला 'निबंध लिही' ही सूचना अवाढव्य वाटते. 'तारीख लिही', 'विषयाचे नाव लिही', 'आवडलेली एक गोष्ट लिही' अशा एकेक ओळीवर खूण करीत पुढे जाता आले की सुरुवातीचा अडसर बराच कमी होतो.

वेळ दाखवणारे दृश्य घड्याळही असेच उपयोगी पडते. 'पाच मिनिटे थांब' याला आकार नसतो. तबकडीवरचा रंगीत भाग हळूहळू घटताना दिसला की थांबण्याला शेवट आहे हे कळते. मात्र वेळापत्रक कधीच बदलत नाही असा मुलाचा समज होऊ देऊ नये. सुरुवातीपासून त्यात 'बदल' असे एक चित्र ठेवावे आणि ते आधी सुखद बदलासाठी वापरावे, म्हणजे शिक्षक गैरहजर असतील त्या दिवशी ते चित्र अनोळखी वाटणार नाही.

पाहून शिकणे

एखादी कृती करून दाखवणारा छोटा व्हिडिओ पाहायचा आणि लगेच ती कृती करून पाहायची, या पद्धतीला बऱ्याच वर्षांच्या संशोधनाचा आधार आहे, आणि खर्चाच्या मानाने तिचा लाभ मला सर्वांत जास्त वाटतो. साधा फोन पुरतो. मैदानात खेळणाऱ्या मुलांमध्ये सामील होणे हे उदाहरण घेऊ. व्हिडिओत एक मूल खेळाच्या कडेला येऊन उभे राहते, खेळ क्षणभर थांबेपर्यंत पाहते, एका खेळाडूच्या जवळ जाऊन 'मी येऊ का?' असे विचारते आणि 'ये' म्हटल्यावर खेळात शिरते. लांबी अर्ध्या मिनिटाची. मागे फारसे कोणी दिसत नाही, मोठ्यांचा सूचना देणारा आवाज नाही, चुकीचे वागणे आधी दाखवून मग बरोबर वागणे दाखवण्याचा मोह टाळलेला आहे, कारण मूल चुकीचेच उचलण्याची शक्यता असते. दुसरा छोटा व्हिडिओ 'आता नको' असे उत्तर मिळाल्यावर काय करायचे याचा हवा; तो नसेल तर पहिला नकार मिळताच सगळा सराव कोलमडतो. कधी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, त्याला स्वतःचे हात दिसतील असे चित्रण केले जाते. बुटाची नाडी बांधणे, प्रयोगशाळेतले उपकरण जोडणे अशा हातांच्या कामांसाठी हा कोन चांगला. कधी मुलाचेच चित्रण करून त्यातला अडखळण्याचा, मदतीचा भाग कापून टाकतात आणि मुलाला स्वतःलाच ते काम जमताना पाहायला मिळते.

वाचन-लेखनाच्या साधनांबद्दल थोडक्यात सांगता येईल. हस्ताक्षर काढणे अनेक स्वमग्न मुलांना बोटांच्या समन्वयामुळे अतिशय जड जाते. उत्तर येत असूनही ते कागदावर उतरत नाही. अशा वेळी टंकलेखनाची परवानगी ही सवलत न मानता विषयज्ञान तपासण्याची अट मानावी. काही मुले वयाच्या मानाने फार लवकर अस्खलित वाचतात, पण वाचलेल्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा परिच्छेदाशेजारी चित्र आणि प्रश्न देणाऱ्या मांडणीची गरज असते. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलाला गोंगाट कमी करणारे हेडफोन मोठा दिलासा देतात, आणि शिक्षकांच्या बोलण्याचे शब्द स्क्रीनवर दिसत असतील तर ऐकताना निसटलेले वाचून घेता येते.

रोबो, चष्मे आणि शिकलेले बाहेर नेणे

बातम्यांमध्ये झळकतात ती साधने यापेक्षा निराळी. इंग्लंडमधील हर्टफर्डशर विद्यापीठाने मुलाच्या आकाराचा, मोजकेच हावभाव असलेला 'कास्पर' हा रोबो बनवला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ मुलांच्या घरी महिनाभर रोबो ठेवला गेला. तो रोज अर्धा तास मूल आणि पालक यांच्याशी खेळत असे, आणि दुसऱ्याच्या नजरेबरोबर नजर वळवून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचे मुलांचे कौशल्य सुधारलेले आढळले. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी समोरच्या चेहऱ्यावरचा भाव सांगणारा चष्मा ६ ते १२ वर्षांच्या ७१ मुलांवर तपासला. चष्मा वापरणाऱ्या गटाच्या सामाजिक वर्तनाच्या एका मोजमापात वाढ दिसली. हे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, परंतु गट लहान आहेत आणि काळ थोडा. एखाद्या शाळेने चित्रकार्डे, छापील जाळ्या आणि प्रशिक्षित शिक्षक यांच्याआधी रोबोवर पैसा खर्च करावा, असे त्यांवरून ठरत नाही.

त्यापेक्षा अधिक शिकवून जातो तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निराशाजनक निकाल. सू फ्लेचर-वॉटसन आणि सहकाऱ्यांनी ६ वर्षांखालील ५४ स्वमग्न मुलांवर एक टॅब्लेट ॲप काटेकोरपणे तपासले. माणसाकडे लक्ष देणे आणि त्याच्या नजरेचा, बोटाचा माग काढणे हे त्यात खेळातून शिकवले होते. मुलांनी ॲप वापरले, पालकांनाही ते आवडले, पण पालकांसोबतच्या प्रत्यक्ष खेळात ॲप वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या मुलांच्या संवादात फरक पडला नाही. कारण समजण्यासारखे आहे. ॲपमधला चेहरा समोरून पाहतो, प्रकाश सारखा असतो, तो उत्तराची वाट पाहतो. खरा चेहरा अर्धा वळलेला असतो, बोलता बोलता बदलतो आणि थांबत नाही. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी वापरणे स्वमग्न मुलांना विशेष कठीण जाते, आणि स्क्रीनचा तो आकर्षक स्थिरपणा येथे आडवा येतो. म्हणून ॲपवर रंग ओळखू लागलेल्या मुलाने त्याच दिवशी कपड्यांत, भाजीत, रस्त्यावरच्या गाड्यांत ते रंग शोधावेत. वेगळ्या माणसासोबत, वेगळ्या खोलीत, वेगळ्या वस्तूंवर सराव व्हावा. ॲपमधली टक्केवारी पाहून 'आले' असे लिहून टाकणे ही स्वतःची फसवणूक ठरते.

भाव ओळखायला शिकवणाऱ्या साधनांबद्दल आणखी एक शंका आहे. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की स्वमग्न आणि स्वमग्न नसलेली माणसे एकमेकांना समजून घेण्यात दोन्ही बाजूंनी कमी पडतात. दोष एकाच बाजूचा नसतो. ते मान्य केले तर सगळा सराव मुलानेच का करावा, हा प्रश्न उरतो. डोळ्यांत डोळे घालून पाहायला लावणाऱ्या खेळांपेक्षा, मूल खिडकीकडे पाहत असतानाही ऐकत असते हे वर्गमित्रांना समजावणारा पाच मिनिटांचा व्हिडिओ अधिक उपयोगी पडू शकतो.

आवडीचा विषय हा मात्र मुलाकडे आधीच असलेला खजिना आहे. एका वेळी एकाच गोष्टीत खोल शिरणारे लक्ष हे स्वमग्नतेचे वैशिष्ट्य आहे, असा विचार दिना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी २००५ मध्ये मांडला. आगगाड्यांत रमणाऱ्या मुलाला अपूर्णांक डब्यांवरून, भूगोल मार्गांवरून आणि पत्रलेखन स्टेशनमास्तरांना लिहिलेल्या पत्रावरून शिकवता येते, आणि त्यासाठी लागणारे साहित्य आता काही मिनिटांत तयार होते. 'माइनक्राफ्ट' या खेळात २०१३ पासून 'ऑटक्राफ्ट' नावाची स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखलेली जागा चालू आहे. तेथे दादागिरीला थारा नाही, आणि वर्गात गप्प असणारी मुले तेथे लिहून एकमेकांशी बोलतात, मिळून इमारती उभारतात.

अर्थात इतकी गोडी लावणारी गोष्ट थांबवणे कठीण जाते. टॅब्लेट हातातून ओढून घेतला की उद्रेक होतो, आणि मग दोष स्क्रीनला दिला जातो. आधी दिसणारे घड्याळ, खेळातला स्वाभाविक टप्पा संपू देणे आणि पुढे काय आहे हे चित्राने दाखवणे, या तिन्ही गोष्टी केल्या तर बऱ्याच वेळा भांडण टळते. झोपेआधीचा स्क्रीनचा वेळ मात्र कमीच ठेवलेला बरा, कारण अनेक स्वमग्न मुलांची झोप मुळातच नाजूक असते.

नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडेही याच नजरेने पाहावे. अवघड उतारा सोप्या वाक्यांत मांडणे, मोठ्या कामाची पायऱ्यांत फोड करणे, वाक्प्रचाराचा सरळ अर्थ सांगणे ही कामे ती शिक्षकाचा वेळ वाचवून करतात. मुलापर्यंत जाण्यापूर्वी तो मजकूर माणसाने वाचलेला असावा. कॅमेऱ्यातून मुलाचा चेहरा वाचून 'तो कंटाळला आहे', 'ती रागावली आहे' असे ठरवणाऱ्या साधनांपासून दूर राहावे. स्वमग्न मुलाच्या चेहऱ्यावरचा भाव आणि मनातला भाव जुळतीलच असे नाही. युरोपीय संघाच्या कायद्याने शिक्षणसंस्थांमध्ये भावना ओळखणाऱ्या अशा प्रणालींना, वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांखेरीज, फेब्रुवारी २०२५ पासून मनाई केली आहे. मुलाचे आवाज, चित्रण आणि वर्तनाच्या नोंदी कोठे साठवल्या जातात, हे ॲप घेण्याआधी विचारून घ्यावे.

कोणतेही साधन आणल्यावर ते उपयोगी पडते आहे का हे मोजण्यासाठी एकच साधी गोष्ट ठरवावी आणि साधन येण्यापूर्वीच ती नोंदवून ठेवावी : मूल दिवसात किती वेळा स्वतःहून काही सांगते, किंवा एका तासातून दुसऱ्या तासात जाताना किती वेळा मदत लागते. काही आठवड्यांनी तेच पुन्हा मोजावे. फरक नसेल तर आधी मोठ्यांनी ते साधन खरोखर वापरले का ते तपासावे, आणि मगच साधन बदलावे. जे मूल सांगू शकते त्याला तर सरळ विचारावे. आपल्याला काय त्रास देते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

सर्वांत जास्त पडझड वर्ग किंवा शाळा बदलताना होते. जुन्या शिक्षिकेला जाळीतला प्रत्येक कोपरा माहीत असतो, नव्या शिक्षकाला टॅब्लेट सुरू कोठून करायचा हेही ठाऊक नसते, आणि महिनाभरात तो कपाटात जाऊन पडतो. ते टाळायचे असेल तर सुट्टी लागण्यापूर्वीच दोघांची भेट घडवावी, मूल ते साधन वापरतानाचा छोटा व्हिडिओ नव्या शिक्षकाला द्यावा, संपूर्ण शब्दसंग्रहाची प्रत दुसरीकडे जतन करून ठेवावी आणि नवे शब्द कोण भरणार हे नावानिशी ठरवावे. नव्या शिक्षकांचे, नव्या विषयांचे आणि शेजारी बसणाऱ्या मुलांचे शब्द पहिल्या दिवसाआधीच जाळीत असावेत, आणि त्यांच्यासाठी जागा करताना जुन्या मित्रांची नावे पुसली जाऊ नयेत.